कोंबडीची लहान पिल्लं आणली आहेत, पण मरताहेत. खाद्य बदलू का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांची वीस पिल्लं आणली, खोक्यात तांदळाची कणी आणि पाणी ठेवलं, तरी दोन दिवसांत तीन दगावली. खाद्य तर बदलाच, पण त्याआधी ऊब बघा. गारठलेलं पिल्लू दाण्यात उभं राहूनही खात नाही.

माझ्या पहिल्या खेपेला हेच झालं. दाणापाणी भरपूर होतं, बल्ब मात्र फार उंच टांगलेला. पहाटे पाहतो तर सगळी कोपऱ्यात एकावर एक चढलेली, आणि खालची दोन गुदमरून गेलेली. वरच्यातलं एक उचलून त्याचे पाय गालाला लावले, तर थंडगार! तेव्हापासून मी रोज दोन-चार पिल्लांचे पाय असेच गालाला लावून बघतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत न्यायची. थर्मामीटर ठेवा, पण खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली दाटी करून मोठ्यानं चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. पंख सोडून, चोच उघडून लांब पळत असतील तर उकडतंय. निवांत पसरलेली दिसली की ठीक. पुठ्ठा गोल वळवून कुंपण केलंत तर कोपराच उरत नाही, आणि बल्ब एका बाजूला ठेवला तर त्यांना हवं तसं जवळ-लांब होता येतं.

आता खाद्य. नुसत्या कणीत प्रथिनं फारच कमी. पिल्लांचं स्टार्टर खाद्य आणा, १८ ते २० टक्के प्रथिनांचं. ते मिळेपर्यंत एखाद दिवस उकडलेलं अंडं बारीक कुस्करून चालेल. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य मात्र देऊ नका. त्यात कॅल्शियम इतकं असतं की पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. रात्री गळ्याखालची अन्नाची थैली बोटांनी हलकेच चाचपा. मऊ, भरलेली लागली की पिल्लू खातंय हे नक्की.

पाणी उथळ भांड्यात, आत खडे टाकून ठेवा, नाहीतर पिल्लं बुडतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकून लंगडी होतात. भाताचं तूस घाला आणि ओलं झालं की लगेच काढा. ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते, ती बहुतेक तिसऱ्या आठवड्यानंतर दिसते. शिटेत रक्त दिसलं तर थांबू नका, पशुवैद्यांकडे जा. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते, तिचंही त्यांनाच विचारून घ्या.

उरलेल्या सतरांत एखादं डोळे मिटून, पिसं फुगवून वेगळं उभं असेल तर आज रात्रीच बाजूला उबेत घ्या. शिटेनं मागची जागा चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापडानं भिजवून काढा, ओढू नका, कातडी निघते. मग पूर्ण कोरडं करून कोमट पाण्यात चोचीचं टोक बुडवा. एकदा घोट घेतला की पुढे पिल्लू स्वतःच पितं.