प्लाझ्मा स्टेशनवरची नोकरी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या मुलीने तंत्रनिकेतनातून प्लास्टिक अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आहे. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे हेडलाइट जोडण्याच्या लाइनवर, ‘प्लाझ्मा स्टेशन’ला ट्रेनी म्हणून तिची निवड झाली आहे. तिथे रोबो नोझल फिरवतो आणि माणूस बटण दाबतो, असं कळलं. यात शिकण्यासारखं काय? त्यापेक्षा डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा का? – एक पालक, श्रीरामपूर

उत्तर : काम खरंच बटण दाबण्यापुरतं असेल, तर तुमची शंका रास्त आहे. ते आठवड्याभरात येतं आणि पुढे काहीच उरत नाही. पण त्याच स्टेशनवर चाचण्या घेणं आणि निकामी भाग तपासणं तिच्याकडे येणार असेल, तर वर्षभर तरी ही नोकरी तिने जरूर करावी. का, ते सांगतो.

हेडलाइटची मागची बॉडी बहुतेकदा पॉलीप्रॉपिलीनची आणि पुढची काच पॉलीकार्बोनेटची असते. बॉडीच्या कडेला चर असतो, त्यात ॲढेसिव्ह भरून काच बसवतात. अडचण पॉलीप्रॉपिलीनची. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची पृष्ठभागाची क्षमता, ३० डाइन प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ॲढेसिव्ह त्याला नीट धरतच नाही. नोझलमधून येणारी हवा विजेच्या उच्च दाबाने आयनित, म्हणजे विद्युतभारित कणांची झालेली असते. हाच प्लाझ्मा. ती चरावरून गेली की वरच्या काही नॅनोमीटरच्या थरात ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात आणि पृष्ठऊर्जा ५० च्या पुढे नेता येते. आतलं प्लास्टिक जसंच्या तसं राहतं. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो झाला का, किती झाला, हे मोजूनच कळतं.

मोजायची रोजची पद्धत म्हणजे डाइन पेन. प्रत्येक पेनात ठरावीक डाइन आकड्याची शाई असते. ४४ च्या पेनाने रेघ ओढून दोन सेकंद पाहायचं. रेघ सलग राहिली तर पृष्ठऊर्जा ४४ किंवा जास्त, थेंबांत तुटली तर कमी. मग ४८, ५२ असं चढत जायचं. शाई लागलेला भाग परत लाइनवर द्यायचा नाही. काही शायांमध्ये फॉर्मामाइड असतं आणि ते गर्भाला अपायकारक आहे, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय पेन हातात धरू नये, हे मुलीला आवर्जून सांगा. नोझलपाशी ओझोनही तयार होतो. तो ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट चालू असलाच पाहिजे.

मात्र डाइन पेनावर सगळी भिस्त ठेवली की फसगत होते. नोझल फार जवळ आलं किंवा फार हळू फिरलं, तर प्लास्टिकच्या (पॉलिमरच्या) रेणूंच्या लांब साखळ्या तुटून वर कमकुवत तुकड्यांचा थर साचतो. पेन ५६ दाखवतं, सगळे खूश होतात. पण जोड ओढला की ॲढेसिव्ह तो थर सोबत घेऊन सोलून निघतं. म्हणून जोड ओढून तोडायचा आणि तुटलेली जागा भिंगाखाली बघायची. ॲढेसिव्ह मधोमध फाटून दोन्ही बाजूंना उरलं असेल तर जोड चांगला. बॉडीचा चर कोरा करकरीत निघाला तर दोष त्या पृष्ठभागाचा. मला विचाराल तर या कामातलं निम्मं शिक्षण त्या तुटलेल्या तुकड्यात असतं.

तिथून दोषाचं कारण मागे शोधत जावं लागतं. कोपऱ्यावर रोबोचा वेग मंदावतो, तिथे प्रक्रिया जास्त होते. चर खोल जातो तिथे अंतर वाढून ती कमी पडते. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल किंवा पाणी आलेलं असतं. नोझल झिजलेलं असतं. मोल्डिंगवाल्यांनी भाग साच्यातून सुटावा म्हणून सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारलेला असतो, आणि त्याचा जाड थर प्लाझ्माने निघत नाही. शिफ्ट संपताना प्रक्रिया केलेले भाग तसेच पडून राहतात. वेळ जाईल तसे नवे गट आत वळतात, पृष्ठऊर्जा उतरते, आणि सकाळी त्यांवरच ॲढेसिव्ह घातलं जातं.

तेव्हा रुजू होण्याआधी मुलीने तीन गोष्टी विचाराव्यात. वेग आणि अंतर बदलून चाचण्या घेऊ देणार का? ओढ-चाचणीचं यंत्र कारखान्यात आहे का? लीक टेस्टमध्ये नापास झालेले दिवे उघडताना तिला तिथे थांबता येईल का? तिन्हींना ‘नाही’ आलं तर सरळ डिग्रीला जावं.

‘हो’ आलं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिने एक प्रयोग मागून घ्यावा : पॉवर कायम ठेवून नोझलचं अंतर ६, १० आणि १४ मिलिमीटर आणि प्रत्येक अंतराला तीन वेग. असे नऊ संच, प्रत्येकी पाच तुकडे. डाइन मोजायला वेगळे तुकडे, ओढायला वेगळे. ओढायचे ते ॲढेसिव्हच्या माहितीपत्रकात दिलेला क्युअरिंगचा (ॲढेसिव्ह पक्कं होण्याचा) वेळ पूर्ण झाल्यावरच. हा तक्ता तिच्या नावावर असला, तर पुढच्या मुलाखतीत तो अनुभवाच्या दाखल्यापेक्षा जड भरेल.

डिग्रीचं दार बंद होत नाही. डिप्लोमावरचा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पुढच्या वर्षीही घेता येतो. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून अटी तपासा. शाखा निवडताना पॉलिमर किंवा सरफेस कोटिंग घ्यावी. मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या विषयांसाठी जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. प्लाझ्मातच रस वाढला, तर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा औद्योगिक वापरासाठीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर तिने आतापासूनच नजर ठेवावी.