धाकट्याच्या पायातले बूट

पत्र : वय २०, भडगाव तालुका. अग्निवीरची लेखी परीक्षा पास झालो, पण मैदानावर १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत मुद्दाम हळू पळालो. मला फौजेत जायचंच नव्हतं. घरी सांगितलं, पोटात कळ आली. सिनेमातला हीरो असं करतो का? आई गल्लीत सांगते, मोठ्याचं स्वप्न आता धाकटा पुरं करेल. (माझे बूट तोच वापरतो, दहावीला आहे. रोज पहाटे चारला पळायला जातो.) आईला खरं सांगू का?

उत्तर : बाळा, आईबद्दल विचारलंस, हीरोबद्दल विचारलंस आणि धाकट्याला कंसात टाकलंस. मी त्या कंसापाशीच अडकले.

दहावीचं पोरगं अंधारात गिरणेच्या पाटाच्या रस्त्यानं तुझे बूट घालून पळतंय. ज्या स्वप्नासाठी पळतंय ते तुझं कधी नव्हतंच, आणि हे घरात एकट्या तुला माहीत आहे. तो दार ओढून बाहेर पडतो तेव्हा तू गोधडीत गप्प पडून राहतोस? मला राग आला तो याचा. हळू पळालास त्याचा नाही. फौज नको वाटली, यात भित्रेपणा कसला?

हीरोचं म्हणशील, तर १९९७चा 'बॉर्डर' आठव. त्यात सुनील शेट्टीचा भैरोसिंग धारातीर्थी पडतो. १९७१ला लोंगेवालात लढलेले खरे भैरोसिंह राठोड मात्र जिवंत परतले. सिनेमा आला तेव्हाही होते, आणि डिसेंबर २०२२मध्ये जोधपूरला वारले. पडद्यावरच्या गोष्टीला हुतात्मा हवा होता, म्हणून जित्या माणसाला मारलं. तुमच्या घरातल्या गोष्टीला एक जवान हवा आहे. तू बाजूला सरलास, तर त्या जागी धाकट्याला उभं केलं.

त्याला मनापासून फौज आवडत असेल, तर पळू दे की! पण स्वतःच्या हौसेनं. भरतीसाठी साडेसतरा वर्षं पूर्ण व्हायला त्याला वेळ आहे. दहावीच्या पेपरांना तेवढा नाही.

आईचं मागाहून बघू. उद्या पहाटे चारला त्याच्याबरोबर ऊठ. पाटावर पोचलात की पळण्याआधी त्याला थांबव आणि शेवटच्या फेरीत काय केलंस ते तुमच्या अहिराणीत सरळ सांग. कळ-बिळ काही मध्ये आणू नकोस. तो चिडेल, रडेल, आईला सांगतो म्हणेल. सांगू दे. त्याच्याबरोबर चालत घरी ये.

आणि बूट परत मागू नकोस. परवा ते घालायचे की नाही, हे त्याचं त्याला ठरवू दे.