दुसरी सकाळ

अगं,

काल पार्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर तू एकामागून एक तीन लोकल सोडल्यास आणि मोबाइलवर तुझ्या इटलीच्या ट्रिपची ती शीट वरखाली करत मला दाखवत बसलीस, तेव्हा गर्दीत मला धड बोलता आलं नाही, आणि तुझे डोळे भरून आलेले बघून तर अजिबातच नाही. घरी आले, कुकर लावला आणि आता लिहायला बसलेय. एकटी जाऊ की नको हा प्रश्न मी घेतच नाहीये, तू जाणार आहेस, तुझ्या आईशी मी बोलेन. मला बोलायचंय ते त्या शीटबद्दल.

दहा दिवसांत सिसिली बेटावरची दहा गावं. कातानिया, ताओर्मिना, सिराकुझा, नोतो, मोदिका, रागुसा, आग्रिजेंतो, त्रापानी, पालेर्मो, चेफालू, आणि मधे कुठेतरी घुसवलेला एत्ना ज्वालामुखी. प्रत्येकापुढे 'ब्रेकफास्ट ८.००, निघणे ८.४५'. आणि तुझा प्रश्न काय, तर यातली कुठली दोन कापली म्हणजे बाकीची आठ नीट बसतील. अगं, सहा काप. चार ठेव. एका गावात निदान दोन रात्री, जमलं तर तीन. मला एवढंच सांगायचंय आणि हे मी या पत्रात दहा वेळा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

कारण गाव पहिल्या दिवशी कळतच नाही. पहिल्या दिवशी आपण गाडी कुठे लावायची, किल्ली कोणाकडे आहे, बाथरूमचं गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवायचं, यातच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बारच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानाच्या, काउंटरवर तू परत उभी राहिलीस की तो माणूस वर बघतो, आणि काल जे घेतलंस ते न विचारता पुढे सरकवतो. तिथून गाव सुरू होतं. आणि तुझ्या शीटमध्ये त्याच वेळी तू डिकीत बॅग टाकत असणार.

मी २०१२ साली अगदी हेच केलं होतं. आठ दिवस, नऊ गावं, शीट तुझ्यापेक्षा देखणी, रंगबिरंगी. त्यातलं मला आज काय आठवतं विचारशील तर पार्किंगच्या निळ्या रेघा. निळ्या म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्यावर लावायचीच नाही. नऊ गावांतल्या निळ्या रेघा मला डोळे मिटून दिसतात आणि नोतोच्या कथेड्रलचा दरवाजा मात्र आठवत नाही, तो मला फोटोत बघावा लागतो.

आणि रागुसाचं सांगते, हे मी ऑफिसमध्ये कधी कोणाला सांगितलं नाहीये. इब्ला म्हणजे रागुसाचा खालचा, जुना भाग, तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली होती. शनिवारी रात्री त्यांनी हातवारे करून, थोड्या इंग्लिशमध्ये विचारलं, उद्या रविवार आहे, मुलगा-सून येणार, तूही जेवायला थांब. मी काय म्हटलं? सॉरी, आग्रिजेंतोचं बुकिंग आहे. हसून म्हटलं वर. आग्रिजेंतोची देवळं अडीच हजार वर्षं उभी आहेत गं, ती सोमवारीही तिथेच असती. २०१७ ला परत गेले तेव्हा त्या घराला कुलूप होतं आणि शेजारच्या दुकानदाराने नुसती मान हलवली. मी अजून कधीकधी रविवारी भात वाढताना त्या टेबलाचा विचार करते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी हट्टाने मोदिकात पाच रात्री राहिले. पाच. माझी बहीण अजून ऐकवते की एवढा विमानखर्च करून पालेर्मो बघितलं नाहीस, तिथली बेसनाची पानेल्ले खाल्ली नाहीस, त्रापानीचा माशाचा कुसकुस नाही खाल्लास. नाही खाल्ला. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि तिला वाटतं तशी मी आळशी झाले नव्हते. मला ते गाव हवं होतं आणि ते मला मिळालं. तिच्या फोनमध्ये तिच्या टूरचे चार हजार फोटो आहेत, मी विचारलं की कातानियातल्या चौकात काळ्या दगडाचा हत्ती आहे तो बघितलास का, तर तिला आठवेना. तिचं चुकलं असं मी तिला कधी म्हणणार नाही. पण तुला म्हणतेय.

मोदिकात काय मिळालं ते ऐक. उन्हाळ्यात तिथे नाश्त्याला ग्रानिता खातात, बदामाचा किंवा लिंबाचा, बर्फाच्या गोळ्यापेक्षा खूप बारीक, आणि सोबत ब्रिओश नावाचा मऊ पाव, त्याच्या डोक्यावर एक छोटा गोळा असतो त्याला ते तुप्पो म्हणतात, म्हणजे अंबाडा. पहिल्या दिवशी मी चमच्याने ग्रानिता खाल्ला आणि पाव वेगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी माझा हात थांबवला आणि स्वतःच्या पावाचा अंबाडा मोडून ग्रानितात बुडवून दाखवला. सुरुवात तिथून करायची असते. हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, पहिल्या दिवशी तुम्ही टुरिस्ट असता.

त्याच आजोबांनी तिसऱ्या सकाळी सांगितलं की आपण बसलोय त्या मुख्य रस्त्याखाली नदी आहे. सप्टेंबर १९०२ मध्ये पूर आला, खूप माणसं गेली, मग नदी झाकून टाकली आणि वरून रस्ता. मी त्यांना आपली २६ जुलै सांगितली, २००५ ची, मिठी नदी, आणि मी कुर्ल्यापासून पार्ल्यापर्यंत पाण्यातून चालत आले ते. भाषांतराचं अ‍ॅप मधे ठेवून आम्ही अर्धा तास दोन नद्यांबद्दल बोललो. शीटमधल्या कुठल्या रकान्यात बसतं हे?

आणि स्काच्चा. मोदिका-रागुसाच्या बाजूला हे करतात. बेकरीतली बाई पीठ इतकं पातळ लाटायची की खालचं लाकूड दिसेल, त्यावर टोमॅटोचा दाट रस, वर काचोकावाल्लो चीज किसून, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, परत रस, परत चीज, परत घडी. मी काचेबाहेरून बघत म्हटलं ही तर घडीची पोळी. दुसऱ्या दिवशी मी परत तिथेच उभी, तिसऱ्या दिवशी तिने खूण करून आत बोलावलं आणि लाटणं माझ्या हातात दिलं. आपल्या लाटण्यापेक्षा लांब आणि सरळ. माझी पहिली घडी फाटली, तिने बोटाने दाबून जोडली आणि तशीच भट्टीत घातली. ती गरम कापली तेव्हा आत सात-आठ पदर होते आणि चीज प्रत्येक पदरात थोडं थोडं अडकलेलं. हे मला दुसऱ्या सकाळीसुद्धा मिळालं नाही बरं का, तिसऱ्या सकाळी मिळालं.

तू मांस खात नाहीस म्हणून लक्षात ठेव, मोदिकाचं चॉकलेट खुशाल खा, ते कमी तापमानावर करतात त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली रवाळ लागतं, पण तिथलंच म्पानातिग्गी नावाचं बिस्किट दिसलं तर विचारल्याशिवाय घेऊ नकोस, त्यात चॉकलेटसोबत गोमांसाचा खिमा असतो. कातानियात पास्ता आल्ला नोर्मा मागव, वांग्याचा असतो. दुपारी अडीच-तीननंतर किचन बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आत कोणी वाढत नाही, तुझं शीटमधलं 'लंच ३.३०' तसंही कुठेच जमणार नाहीये.

गाडीचं थोडक्यात. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, वर्षभर चालतं. तिथे स्टिअरिंग डावीकडे, पहिले दोन दिवस गिअरसाठी तुझा डावा हात दारावर आपटणार, घाबरू नकोस. पेट्रोलला बेंझिना म्हणतात आणि गासोलिओ म्हणजे डिझेल, नावाला फसून भलतंच भरू नकोस. आणि जुन्या गावात शिरताना झेडटीएलचा बोर्ड बघ, तिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि वर कॅमेरे असतात. मी २०१२ ला रात्री घाईघाईत हॉटेल शोधत आत घुसले आणि पाच महिन्यांनी दंडाचं पत्र पार्ल्याला घरी आलं. घाई नसती तर तो बोर्ड मला दिसला असता, तेव्हा हेही परत त्याच गोष्टीवर येतं, गावं कमी कर.

तू म्हणशील ताई, व्हिसासाठी सगळी बुकिंग दाखवावी लागतात. दाखव ना. चार गावांची दाखव. कातानिया दोन रात्री, सिराकुझा दोन, मोदिका तीन, आणि शेवटचं एक तुझ्या मनाचं. मोदिकाहून नोतोला जाऊन दुपारी परत येता येतं, शिक्लीला येतं, रागुसाला येतं, रात्री त्याच खोलीत झोपायचं. पालेर्मो हवंच असेल तर पालेर्मो ठेव, पण मग सिराकुझा सोड, रडू नकोस त्यावरून. हे दोन्ही मिळणार नाही हे मी तुला आत्ता सांगतेय कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं बहुतेक, तेव्हा तू ऐक.

आणि कोणी रविवारी जेवायला थांब म्हणालं तर पुढच्या हॉटेलचे पैसे बुडव. किती असतात ते, सहा-सात हजार? मी देईन. खरंच देईन.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. लॅपटॉप आण, मोबाइलवर मला ते बारीक रकाने दिसत नाहीत. आग्रिजेंतोपासून खोडायला सुरुवात करू.

— ताई