लाचेचे आरोप होऊनही बडे नेते सुटतात कसे?

तुमचा प्रश्न असा, की तलाठी हजार-पाचशे रुपयांसाठी आत जातो आणि कोटींचे आरोप असलेले पुढारी मोकळे राहतात, हे कसं? मी जिल्हा परिषदेत कारकून होतो. लाच घेणाऱ्याला पकडायच्या एका सापळ्यात सरकारी पंच, म्हणजे साक्षीदार म्हणून गेलो होतो, तिथूनच सांगतो.

लाचलुचपत खात्याच्या ऑफिसात माझ्यासमोर नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना अँथ्रासिन पावडर लावली आणि तक्रारदाराच्या वरच्या खिशात ठेवल्या. "मागितल्याशिवाय हात लावायचा नाही," असं त्याला दोनदा बजावलं. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी पैसे घेणारा तलाठी तासाभरात पकडला गेला. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली त्याची बोटं निळसर चमकली. गुन्हा त्याने केलाच होता, मला त्याची दया आली नाही.

पण बडा नेता नोटेला हात लावतच नाही. तो सही करतो: टेंडरवर, जमिनीच्या आरक्षणावर, खाणीच्या पट्ट्यावर. पैसा तिसऱ्याच कुणाच्या कंपनीत जिरतो. म्हणजे पुरावा बोटांवर नसतो, फायलीत असतो. आणि ती फाईल उघडायलाच परवानगी लागते. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायची तरी पोलिसांना आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि मंत्र्याच्या बाबतीत ती द्यायची असते सरकारनेच. लाच घेताना जागेवरच पकडलं तर मात्र या मंजुरीची गरज नाही. म्हणजे तलाठ्यासाठी वाट मोकळी, मंत्र्यासाठी फाटक. पुढे खटल्यासाठी कलम १९ची मंजुरी वेगळीच.

बरं, पैसे घेतल्याचा थेट आरोप असला तरी काय होतं? जुलै १९९३मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन मतं दिली, असा आरोप झाला आणि सीबीआयने आरोपपत्र ठेवलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं, की घटनेच्या कलम १०५(२)नुसार सभागृहातल्या मताबद्दल खासदारावर खटला चालत नाही, म्हणून पैसे घेऊन मत देणाऱ्यांना संरक्षण आहे. पैसे घेऊन मत न दिल्याचा ज्याच्यावर आरोप होता, त्याला मात्र ते नाही! हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचावा लागला. ठरल्याप्रमाणे काम केलं तर सुटका, शब्द फिरवला तर खटला.

पैसे देणाऱ्यांना संरक्षण नव्हतं. २००० साली विशेष न्यायालयाने राव आणि काँग्रेसचे नेते बुटा सिंग यांना पैसे दिल्याबद्दल दोषी ठरवलं, पण २००२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं, कारण माफीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवता आला नाही.

४ मार्च २०२४ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने १९९८चा निकाल चुकीचा ठरवला: लाच घेतली की गुन्हा घडला, मग मत कुणालाही देवो. मला मनापासून बरं वाटलं. पण अविश्वास ठरावाला तोवर तीस वर्षं उलटून गेली होती आणि राव २००४ सालीच वारले होते.