ऑटोमॅटिक पिकअपखाली लाल तेलाचे थेंब: गळती नेमकी कुठून?

तुम्ही लिहिलंय की रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी खाली लालसर डाग दिसतो आणि मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. थोडं थांबा. आधी रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा टाका. लाल तेल बहुधा गिअरबॉक्सचं, पण काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तेच तेल असतं, म्हणून डाग पुढे आहे की मधोमध, ते बघा.

खरी अडचण अशी की चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. खालची बाजू डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुवा, पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणाऱ्या कूलर पाइपांचे जोड आधी तपासा. तिथे इंजिन चालू असतानाच दाब असतो. मग पॅनचं (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकाचं) गॅस्केट, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं ऑइल सील. ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून लाल तेल येत असेल, तरच गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलसाठी तो उतरवावा लागतो. काळं-तपकिरी असेल तर बहुतेक इंजिन ऑइल.

गिअर घसरत असेल, म्हणजे इंजिन जोरात फिरूनही गाडी तेवढी ओढत नसेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.