मुलाला सांगता येईल असंच कर

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मूल हवं की नको, एकटीला झेपेल का, लोक काय म्हणतील, यावर मी काही लिहिणार नाही. ते तुझं ठरलंय. तुझा गोंधळ डोनर, म्हणजे शुक्रजंतू देणारा दाता, मिळवायचा कुठून याचा आहे. एका क्लिनिकने फोनवरच 'लग्न झालेलं नसेल तर होत नाही' म्हणून वाटेला लावलं, कॉलेजचा मित्र 'मी आहे ना, शुक्रजंतूंची बँक कशाला हवी' म्हणतोय, आणि कुणी एजंट कागदावर नवरा उभा करून द्यायला तयार आहे. हे सगळं तू एका दमात लिहिलंयस, जसा काही या वाटांमध्ये फक्त पैशांचा आणि वेळेचा फरक आहे.

माझ्याकडे कसोटी एकच आहे आणि ती तुला पुन्हा पुन्हा ऐकून घ्यावी लागेल. जे उद्या मुलाला तोंडावर सांगता येणार नाही, ते आज करायचं नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथे तुला उगाच घाबरवलंय. २०२१ साली दोन कायदे पाठोपाठ झाले आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. एक सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवण्याचा. दुसरा एआरटीचा, म्हणजे वैद्यकीय मदतीने गर्भ राहण्याचा: आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफ (गर्भ शरीराबाहेर तयार करणं), डोनर या सगळ्याचा. सरोगसीच्या कायद्यात एकट्या बाईला फार थोडी जागा आहे: विधवा किंवा घटस्फोटित, तीही ३५ ते ४५ वयाची. अविवाहितेला नाहीच. एआरटीच्या कायद्यात मात्र एकविशी ओलांडलेली आणि पन्नाशीच्या आतली कोणतीही बाई येऊ शकते. लग्नाची अट नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना आणि एकट्या पुरुषाला हा कायदा दारातच थांबवतो, ते मला अजिबात पटत नाही. पण तुला तो आत घेतो. फोनवरच्या बाईंनी दोन कायद्यांची सरमिसळ केली असणार. दुसरं क्लिनिक बघ.

मग खोटा नवरा कशासाठी? त्या कागदांवर सही केलेला माणूस कायद्याने तुझ्या मुलाचा बाप होतो. नवरा खोटा, पण बाप खरा, जन्मभराचा. आणि मुलाने जन्मदाखल्यावरचं नाव वाचून विचारलं, 'आई, हे कोण गं?' तर काय सांगशील?

मित्राचं अवघड आहे, कारण तो खरंच भला मुलगा आहे. पण दात्याची तपासणी, नमुना घेणं, साठवणं आणि क्लिनिकला पुरवणं हे काम कायद्याने फक्त नोंदणीकृत बँकेचं आहे. दाता २१ ते ५५ वयाचा लागतो. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या व्हाव्याच लागतात. आणि या रस्त्याने झालेल्या मुलावर दात्याचा कसलाही हक्क राहत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. घरच्या घरी केलेल्या गोष्टीला यातलं कुठलंच संरक्षण नाही. आज तो म्हणतो, 'माझी काही अपेक्षा नाही.' उद्या त्याचं लग्न होईल, बायको येईल, त्याच्या आईच्या कानावर जाईल आणि तिला नातवंडाची ओढ लागेल. आणि मुलाचं काय? सांगितलंस तर मित्राचं घर हादरेल. नाही सांगितलंस तर दर रविवारी 'काका' म्हणून तो तुमच्या सोफ्यावर बसलेला असेल आणि तुम्ही दोघं पोराच्या चेहऱ्यात त्याचं नाक शोधत बसाल. नको गं.

बँकेतून मिळायला वेळ लागतोय, महाग पडतंय, हे खरं आहे. नव्या कायद्याने एका दात्याचे नमुने एकाच जोडप्याला द्यायचं बंधन घातलं. त्यामुळे दाते कमी पडतात आणि क्लिनिकवाले कुरकुरतात. मी या नियमाच्या बाजूने आहे. त्याआधी काय होतं ते मी पाहिलंय.

१९८६ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्याही घरी पाळणा हलेल. ह्यांच्या रिपोर्टात शुक्रजंतू शून्य आले होते. डॉक्टर म्हणाले, डोनरचं करू, मेडिकलचे विद्यार्थी असतात, रक्तगट जुळवू. सल्ला एकच, घरी कुणाला सांगू नका आणि मुलाला तर कधीच नाही. कागद नाही, नोंद नाही. त्याच विद्यार्थ्याचे नमुने आणखी किती घरांत गेले, हे विचारायची सोय नव्हती. २००५ साली आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती पाळायची सक्ती कुणावर नव्हती.

आमचा मुलगा सात वर्षांचा झाल्यावर मी त्याला सांगितलं. ह्यांना ते नको होतं. 'थोडा मोठा होऊ दे' म्हणत होते, आणि मला दिसत होतं की तो मोठा झाल्यावरही ते हेच म्हणणार. मी थांबले नाही. पुढे ते बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत. बातमी दिरांच्या घरी पोचली आणि त्यांचं येणंजाणं तुटलं. ह्यांना जो त्रास झाला तो शेवटपर्यंत पुरता गेला नाही, आणि ते मला आजही सलतं. तरी सांगते, मी बरोबर होते. मुलगा बापाला धरून राहिला, शेवटच्या आजारपणात रात्र रात्र जागला, कारण त्याच्यापासून कुणी काही लपवलेलं नव्हतं. कुंतीनेही कर्णाला सांगितलंच की, पण कधी? युद्ध दारात आल्यावर, बाकीची मुलं वाचवायला. मला माझ्या गरजेसाठी सांगायचं नव्हतं. कुणी मला उतावळी म्हटलं, कुणी नवऱ्याचा अपमान केला म्हणून नावं ठेवली. ठेवू देत.

मात्र मुलाला स्वतःची मुलगी झाली आणि बालरोगतज्ज्ञांनी घराण्यात काय काय आजार आहेत विचारलं, तेव्हा बापाकडच्या रकान्यात त्याला काहीच लिहिता आलं नाही. मी सांगितलं होतं, पण सांगायला माझ्याकडे होतं किती? म्हणून तुला नोंदीचा एवढा आग्रह करते.

आता बँकेला दात्याचं नाव, पत्ता, आधार नोंदवावं लागतं. नोंदी किमान १० वर्षं जपायच्या आणि मग राष्ट्रीय नोंदणीकडे पाठवायच्या. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांची नावं मुलांना १८ व्या वर्षी मागता येतात, आणि २०२३ पासून तशी मुलं विचारायला पुढे येऊ लागली. आपल्या कायद्याने मुलाला असा हक्क अजून दिलेला नाही. पण कायदे बदलतात, हे तू गेल्या चार वर्षांत पाहतेच आहेस. तुझं मूल १८ चं होईल तेव्हा कुणी सांगावं! त्या दिवशी कपाटात नोंद असली पाहिजे.

आणि मेसेजच्या शेवटी ते काय लिहिलंयस? 'आपल्यातलाच मिळेल का, आणि शक्यतो गोरा'? राग आला मला. आईसाठी विचारतेय म्हणालीस, पण विचारणार तूच ना? मुलाला सांगशील का, 'तुझ्यासाठी मी आधी जात विचारली, मग रंग'? जीभ रेटणार नसेल तर विचारू नकोस. थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली का, घरात मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार कुणाला होते का, हे विचार.

दाखल्याची काळजी सोड. एकट्या आईला जन्मदाखला प्रतिज्ञापत्रावर मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगितलंय. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालणं सक्तीचं आहे.

आता कर काय, तर क्लिनिक आणि बँक दोन्हींचा नोंदणी क्रमांक माग. द्यायला का-कू केली तर उठून ये. ओळख न देता दात्याची जेवढी माहिती देता येते तेवढी लेखी घे. दुसरं मूल याच दात्याचं हवं असं वाटलं तर उरलेल्या व्हायल (नमुन्याच्या कुप्या) राखून ठेवता येतील का, ते पहिल्याच भेटीत विचार. साठवणुकीची मुदत १० वर्षं आहे. आईला तू स्वतः सांग, बाळ पोटात राहण्याआधी. मी सोबत आलेली चालत असेल तर येईन, पण बोलायचं तू.

तुझी,
मावशी