फाईल उघडली की तोच मेसेज

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल फाईल उघडली की दर वेळी लिंक अपडेट करू का विचारते, ती लिंक ज्या जुन्या फाईलची आहे ती तर आधीच्या खजिनदार काकांच्या कॉम्प्युटरबरोबरच गेली, काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी कॉपी काढून ठेवा हं, कारण लिंक ब्रेक केली की फॉर्म्युला जाऊन नुसता आकडा उरतो आणि अनडू होत नाही. मग डेटा टॅबमधे एडिट लिंक्स, नव्या व्हर्जनला वर्कबुक लिंक्स, तिथून ब्रेक करा. तरी मेसेज येतोच? मग लिंक कुठेतरी दडून बसलीये, बरेचदा नेम मॅनेजरमधे, म्हणजे सेलना दिलेल्या नावांच्या यादीत, कंट्रोल एफ३ दाबा आणि जुन्या फाईलकडे बोट दाखवणारी नावं उडवा. नाहीतर डेटा व्हॅलिडेशन (सेलमधे काय भरता येईल याचे नियम), कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार सेलचा रंग बदलणं) बघा. मेसेज बंद करायची सेटिंग आहे, पण त्याने लिंक जात नाही, फक्त गप्प बसते.